शेवंतीच्या शिंगावरचा लाल पट्टा

साहेब, तुम्ही गाय पाहिलीच नाही. जीपमधून उतरलात, छत्री कोणाच्या तरी हातात दिलीत, शेवंतीच्या तोंडाकडून एक चक्कर मारलीत आणि तिच्या डाव्या शिंगावर लाल पट्टा ओढायला सांगितलात. मागच्या अंगाला गेला नाहीत. शेपूट उचलली नाही. जनावरांचे डॉक्टर असून हातमोजा घालणं तर दूरच राहिलं. आणि तरी सगळ्या गावासमोर सांगून मोकळे झालात, की ही गाय वांझ आहे, विकून टाका. मुक्या जनावराचा निकाल लावायला तुम्हाला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. हा तुमच्यावरचा आरोप आहे आणि तो आडवळणानं करायचं काही कारण नाही. आता त्या गाईचं खरं काय होतं, ते ऐका.

तामसी मंडलात, म्हणजे तिकडच्या तालुक्यात, महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे अशा गावात, डोमाजींचं घर आहे. कापूस, ज्वारी, एक बैलजोडी आणि ही गाय. गाय घरची म्हणायची, पण खरी ती सुवर्णाची. सुवर्णा म्हणजे डोमाजींची सून, गोपालची बायको. लग्नात तिच्या बापानं आंदण म्हणून कालवड दिली होती, तीच ही शेवंती. आंदणातल्या कपाटाचं दार निखळलं, कुकरची शिटी हरवली, पंख्यानं तर पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकली. शेवंती मात्र वाढली, भरली, गाभण राहिली आणि पहिल्या वेताला असं दूध दिलं, की डोमाजी मिशीवरची साय पुसायचं विसरत आणि तसेच पारावर जाऊन बसत.

घोळ झाला तो त्या वेताच्या दिवशीच. वासरू झालं, पण जार, म्हणजे वासरामागची वार, पडेना. गाईच्या मागं लोंबत राहिली. आता अशा वेळी काय करायचं हे वच्छलाबाईंना, म्हणजे सुवर्णाच्या सासूला, तिच्या सासूनं शिकवलेलं होतं: जुनं पायताण घ्यायचं, लोंबत्या जारेला बांधायचं आणि ओझ्यानं ती खाली येईल म्हणून वाट पाहायची. वच्छलाबाईंनी दारातलं हाताला लागलं ते पायताण उचललं आणि बांधलं. संध्याकाळी पायताणासकट जार खाली आली. वच्छलाबाईंनी सगळं उकिरड्यात खोल पुरलं, हात धुतले आणि शेजारच्या रुख्मिणीला सांगितलं, की जुन्या माणसाचं ऐकलं की असं होते.

आली ती अर्धीच होती. ओझ्यानं तुटली होती. उरलेली आत राहिली, सडली, आणि गाईच्या गर्भपिशवीत घाण झाली. पण हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

कळलं असतं तर ते सुवर्णाला. कारण त्या घरात गाईच्या मागच्या बाजूला रोज जाणारी ती एकटीच. पहाटे उठायचं, शेण काढायचं, गोठा झाडायचा, बादलीभर पाण्यानं शेवंतीची शेपूट आणि मागचं अंग धुवायचं, मग धार काढायची. रात्रभर गाय बसून असली की मागं काय पडलेलं असतं, ते तिलाच दिसे. पांढऱ्या गाठी. फाटलेल्या दुधासारख्या. वासही येई. ती पाणी मारी आणि खराट्यानं सगळं लख्ख करी. गावात तिच्या गोठ्याचं नाव होतं. लोक म्हणत, डोमाजीच्या गोठ्यात पंगत बसवावी.

गोपाल उठे तेव्हा गोठा आरशासारखा. एकदा तिनं त्याला सांगून पाहिलं. तो डोळे चोळत मागं जाऊन पाहून आला आणि म्हणाला, तिथं तर काहीच नाही. नव्हतंच. तिनंच धुतलं होतं. सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, बाईमाणसानं अशा गोष्टी दातांत धराव्या. राहिले डोमाजी. पण डोमाजींशी सुवर्णा बोलत नव्हती. भांडण नव्हतं काही, रीत होती. पदर डोक्यावर आणि शब्द पोटात. त्यांना जेवायला बोलवायचं तर ती मांजरीला सांगे, 'जाय व, ताट वाढलं म्हनाव.' मांजर हलत नसे, डोमाजी उठत. ही पद्धत इतकी वर्षं विनातक्रार चालली होती. पण मांजरीकरवी सासऱ्याला गाईच्या पिशवीतली घाण कशी कळवायची?

तर गाय उलटत राहिली, म्हणजे भरूनही गाभण राहीना. माजावर येई, हंबरे, गोपाल तिला कृत्रिम रेतनाच्या केंद्रावर नेई, तिथला माणूस सुई भरून देई, आणि पुढच्या पाळीला शेवंती पुन्हा हंबरे. पुन्हा केंद्र, पुन्हा सुई. केंद्रावर एकाही माणसानं विचारलं नाही, की बाबा, ही इतक्यांदा का येऊन राह्यली? कोणी गोपालला विचारलं असतं तरी काय सांगता आलं असतं? त्यानं गाईचं तोंड पाहिलेलं. गाय आटली. लोक बोलू लागले. सुवर्णाला दोन धडधाकट लेकरं, त्यामुळं लोकांना तिला काही बोलता येईना, मग सगळी चुकचुक गाईच्या नावानं.

अशात जनावरांच्या तपासणीचं शिबिर लागलं. पोळ्याच्या आधीचे दिवस, चिखल, शाळेसमोर मांडव, आणि गावातली सगळी गाई-म्हशींची जात ओळीनं उभी. साहेब येणार म्हणून सुवर्णानं काय केलं असेल? शेवंतीला आंघोळ घातली. साबण लावला. शेपटीचा गोंडा शिकेकाईनं धुतला आणि फणीनं विंचरला. शिंगांना तेल, कपाळाला हळदीकुंकू. पोरगी पाहायला पाहुणे येणार असल्यासारखी गाय सजली. ज्या एका गोष्टीनं तिचा जीव वाचला असता, ती गोष्ट सुवर्णानं स्वतःच्या हातांनी साबण लावून धुऊन टाकली. आपली गाय घाण दिसू नये, एवढंच तिच्या मनात. तिला दोष देणाऱ्यानं आधी पाहुण्यांपुढं स्वतःच्या घरातली मोरी उघडी ठेवून दाखवावी.

तुम्ही आलात. हिंदीत विचारलंत, खाती है? डोमाजी म्हणाले, हो. माज पर आती है? गोपाल म्हणाला, हो. रुकती नहीं, म्हणजे गाभण राहत नाही? दोघंही म्हणाले, नाही. बस. पट्टा. सुवर्णा दावं धरून तिथंच उभी होती, तुमच्यापासून हातभर लांब. तिचं तोंड उघडलंही होतं. पण सासरा समोर, गाव समोर, आणि सांगायचं काय, तर गाईच्या तसल्या जागेतलं. तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि शब्द गिळला. तुम्ही पुढच्या म्हशीकडं गेलात.

शिबिरात एक डॉक्टर मॅडमही होत्या, प्रतिभा नावाच्या, मावला गावच्या. आजा लोकांच्या शेतात राबलेला, बाप शाळामास्तर, आणि ही जनावरांची डॉक्टर. तुमच्या मागं त्यांना बोलायला जागा नव्हती, त्यांना दुसऱ्या टोकाला लस टोचायला बसवलेलं. पण हात धुवायला त्या नळावर आल्या तेव्हा तिथं पाणी भरणाऱ्या बायांना म्हणाल्या, 'तुमच्यापैकी कोनाले गाईच्या मांगं सकाळी काई पडलेलं दिसत असंन, तर धुऊ नका. मले फोन करा.' बाया फिदीफिदी हसल्या. सुवर्णा हसली नाही.

घरी आल्यावर डोमाजींनी जाहीर केलं, पुढच्या बाजाराला शेवंती जाईल. साहेबाचा शब्द. भाकड जनावर किती दिवस पोसायचं? सुवर्णानं शेवंतीपुढं वैरण टाकली. शेवंतीनं तिचा हात चाटला, खरखरीत, नेहमीसारखाच. शिंगावरचा पट्टा अजून ओला होता, तो सुवर्णाच्या बाहीला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात कधी घडलं नव्हतं ते घडलं. सुवर्णा उठली, चूल पेटवली, चहा केला आणि कप घेऊन गोठ्याच्या ओट्यावर बसली. शेण तसंच. खराटा कोपऱ्यात. बादली पालथी.

वच्छलाबाई बाहेर आल्या आणि थबकल्या. आंग दुखते का, विचारलं. नाही. ताप आहे का? नाही. मग माहेरी काही झालं का? नाही. रुख्मिणी कुंपणावरून पाहत होती. तिनं दुसरीला बोलावलं. दुसरीनं तिसरीला. डोमाजीच्या गोठ्यात शेण पडून आहे, ही बातमी गावातल्या बसच्या आधी फाट्यावर पोचली. कोणी म्हणालं सून रुसली, कोणी म्हणालं वेगळं निघायचा विचार दिसते.

शेवटी डोमाजी आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मांजर ओट्यावरच होती, सुवर्णाच्या मांडीला टेकून. सुवर्णानं मांजरीकडं पाहिलं, कप खाली ठेवला, उठली, पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ सासऱ्याच्या तोंडाकडं पाहून बोलली.

'मामाजी, शेवंतीच्या मांगं जाऊन पाहा.'

डोमाजी इतके चमकले, की तसेच गाईच्या मागं गेले. वाकले. पाहिलं. नाकाला पागोट्याचं टोक लावलं आणि पुन्हा पाहिलं. शेणावर पांढऱ्या गाठी, शेपटीला चिकटलेल्या गाठी.

'हे कवापासून?'

'सासूबाईनं पायतान बांधलं तवापासून. मी रोज धुऊन राह्यली.'

'कोनाचं पायतान?'

कुंपणापलीकडच्या बाया आणखी पुढं वाकल्या. वच्छलाबाईंनी पदराआड तोंड नेलं आणि आतून आवाज आला, की तुमचंच, दुसऱ्या कोनाचं सापडलं असतं दारात?

आता इथं एक सांगायला पाहिजे. शेवंती पहिल्यांदा व्याली त्या दिवसापासून डोमाजींचं डाव्या पायाचं पायताण हरवलेलं होतं. करकरीत, चांगल्या चामड्याचं. त्यांनी गावातलं एकही कुत्रं सोडलं नव्हतं. पारावरच्या सोबत्याच्या, चंपतच्या, कुत्र्याला तर त्यांनी दगड घेऊन ओढ्यापर्यंत पळवलं होतं, आणि चंपत कुत्र्याची बाजू घेऊन बोलला म्हणून त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. उजवं पायताण अजून खुंटीला लटकत होतं, जोडीदाराची वाट पाहत.

डोमाजींनी गाईकडं पाहिलं, खुंटीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. मग त्यांना हसू आलं. आधी पोटातून, मग खांद्यातून, मग खाली बसूनच घेतलं त्यांनी, शेणाच्या बाजूला, ओट्याला टेकून, डोळे पुसत. वच्छलाबाई हसल्या. रुख्मिणी कुंपण धरून हसली. सुवर्णाला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं.

'पोरी,' श्वास घेऊन डोमाजी म्हणाले, 'येवढे दिवस त्या मांजरीले काऊन नाई सांगतलं? तिनं तरी सांगतलं असतं मले.'

सुवर्णानं नळावर ऐकलेलं सांगितलं आणि गोपालनं फोन लावला. प्रतिभा मॅडम स्कूटीवर चिखल उडवत आल्या. त्यांनी आधी शेण पाहिलं आणि म्हणाल्या, शाबास, आज पहिल्यांदा मला या गावात घाण गोठा भेटला. मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. मॅडमचा हात आत, डोळे मिटलेले, आणि सगळं घर त्यांच्या भुवयांकडं पाहत. शेवंती शांत उभी, जशी काही इतके दिवस याचीच वाट पाहत होती. मॅडमनी हात बाहेर काढला आणि सांगितलं ते साधं होतं. पिशवी चांगली आहे. सुजली आहे, आत पू आहे. गाय वांझ नाही, आजारी आहे. अशा पिशवीत कितीही सुया भरल्या तरी काय रुजणार? सडक्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात ज्वारी टाकून तिच्यातून मोड मागण्यासारखं ते. वच्छलाबाई खालमानेनं म्हणाल्या, चूक माही. मॅडम म्हणाल्या, चूक पायताणाची, आजी. जार अडकली की ओझं बांधायचं नाही, ओढायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं, बस.

नळीनं पिशवीत औषध सोडलं. इंजेक्शनं दिली. आणि ताकीद: यानंतरचा पहिला माज सोडून द्यायचा, फक्त पाहायचं काय पडते. काचेसारखी स्वच्छ, चिकट स्रावाची तार पडली, तर त्याच्या पुढच्या माजाला भरायची. गढूळ पडली, तर मला बोलवायचं. आणि कोणीही, म्हणजे कोणीही, पाहिल्याशिवाय धुवायचं नाही.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. व्यापारी दारात आला तर डोमाजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आमची गाय दवाखान्यात आहे. व्यापारी गोठ्यात उभ्या असलेल्या गाईकडं पाहत चहा पिऊन गेला.

मग डोमाजींना वेड लागलं. सकाळी पारावर जाणं बंद. पाट घेऊन गाईच्या मागं बसायचं, विडी न ओढता, एकटक. लोक म्हणू लागले, डोमाजीले आता पंचांग शेपटीखाली दिसते. चंपतशी बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, कुत्र्याची रीतसर माफी मागून झाली होती. तोही येऊन बाजूला बसे. दोन म्हातारे आणि एक गाय. सुवर्णा शेण काढायला आली की डोमाजी म्हणत, थांब, मले पाहू दे आंदी. ती म्हणे, मामाजी, सरका, मले दिसते तुमच्यापेक्षा जास्त. इतकं बोलणं सुरू झालं होतं. मांजरीला काम उरलं नव्हतं, ती जाडी झाली.

पहिला माज आला. सुवर्णानं पहाटे पाहिलं. तार पडली होती, बरीच स्वच्छ, एखादा पांढरा ठिपका. मॅडमनी फोटो मागवून पाहिला आणि म्हणाल्या, सुधारतेय, पुढची पाहू. डोमाजींना फोटोची गंमत वाटली, त्यांनी तो चंपतच्या मोबाइलवरही पाठवायला लावला. पुढचा माज कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत, दसऱ्याच्या सुमाराला. सुवर्णा ओटीत कापूस भरत होती आणि वच्छलाबाई बांधावरून पळत आल्या, पदर एकीकडे, चपला हातात. त्यांनी सांगितलं ते सगळ्या वावरानं ऐकलं, बाप्यांसकट. दातांत धरायच्या गोष्टी आता त्यांच्या दातांत राहत नव्हत्या: तार पडून राह्यली, काचेवानी, जमिनीपर्यंत.

गाय भरली. मग वाट पाहणं. पुढच्या पाळीला शेवंती हंबरली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. ज्वारी हुरड्याला आली तेव्हा मॅडम पुन्हा आल्या, हातमोजा चढवला, डोळे मिटले. या वेळी भुवया लवकर सुटल्या. त्यांनी काही सांगायच्या आधीच वच्छलाबाई साखर आणायला आत पळाल्या होत्या.

त्या दिवशी गोपाल पट्टा खरवडायला काचेचा तुकडा घेऊन आला. डोमाजींनी त्याचा हात धरला. 'राहू दे. साहेबाले वळखू आली पाह्यजे.' आणि साहेब, हे तुम्हाला माहीत नसेल, पण तुमचा रंग हलका होता. होळीपर्यंत उडाला. तेव्हा डोमाजींनी पोळ्याचा उरलेला लाल रंग काढला आणि तुमचा पट्टा स्वतःच्या हातांनी पुन्हा ओढला, तुमच्यापेक्षा सरळ.

आखाडात शेवंती व्याली, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. कालवड झाली. ओली, लांब पायांची, कपाळावर चांद. उठायला गेली, पडली, पुन्हा उठली आणि थेट डोमाजींच्या धोतरात तोंड घातलं. पण घर तिच्याकडं पाहत नव्हतं, सगळ्यांचे डोळे जारेवर. वच्छलाबाईंनी सकाळीच घरातली सगळी पायताणं गोळा करून माळ्यावर टाकली होती आणि शिडी रुख्मिणीकडं पाठवून दिली होती. न जाणो, जुनी सवय हाताला. घर अनवाणी वाट पाहत बसलं. गोपालला दोनदा काटा रुतला. ऊन कललं आणि जार आपली आपण पडली, अख्खी, एकही तुकडा मागं न ठेवता. सुवर्णानं काठीनं उलटवून पाहिली आणि मान हलवली. तेव्हा डोमाजी अनवाणीच नाचले. मोठ्या मापाचा माणूस, पागोटं सुटलेलं, आणि पाहणाऱ्या बायांत एकीनंही पदराआड तोंड नेलं नाही. खरवस गल्लीभर वाटला गेला. पहिली वाटी चंपतच्या कुत्र्याला.

आता गावात कोणीही बाई पहाटे गोठा धुवायच्या आधी एकदा वाकून पाहते. रुख्मिणीनं तिच्या म्हशीचं पाहिलं, आणखी दोघींनी पाहिलं. मॅडमचा फोन सकाळी सकाळी वाजतो, आणि त्या उचलतात.

पुन्हा पोळ्याच्या आधी तुम्ही आलात, साहेब. तोच मांडव, तोच चिखल. शेवंती ओळीत पहिली, डाव्या शिंगावर ताजा लाल पट्टा, कासेला लुचणारी कालवड. तुम्ही पट्ट्याकडं पाहिलंत, वासराकडं पाहिलंत आणि नेहमीच्या सवयीनं डोमाजींना विचारलंत, कैसे रुकी? डोमाजी दोन पावलं मागं सरकले, सुनेकडं हात केला आणि म्हणाले, साब, इनको पूछो, मेरे को क्या मालूम. मांडवातल्या माना तिच्याकडं वळल्या. सुवर्णाचा पदर डोक्यावर होता, दातांत नव्हता.

'साहेब, मांगच्या वर्षी मी इथंच उभी होती, दावं धरून. मले काऊन नाई इचारलं?'

तुम्ही घड्याळ पाहिलंत. पुढच्या म्हशीकडं गेलात. पण ती अजून तिथंच उभी आहे, दावं धरून, आणि तिच्या मागं आता गावातल्या सगळ्या बाया उभ्या आहेत. म्हशीची शेपूट नंतर पाहा. आधी सांगा, काऊन नाही विचारलं?